गुरगुर की घुरघुर?

प्रश्न असा आला आहे: ‘लहान मुलांसाठी मांजरावर कविता लिहिते आहे. मांडीवर बसलेलं मांजर खुशीत असताना घशातून जो आवाज काढतं, त्याला गुरगुर म्हणायचं की घुरघुर? आणि मांजराच्या स्वभावासाठी लबाड, आळशी यांपलीकडे शब्द आहेत का?’

माझं मत घुरघुरीला. बोलताना खूप जण दोन्ही आवाजांना गुरगुरच म्हणतात आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण कवितेत हा फरक सोडू नये. कुत्रं अनोळखी माणसावर गुरगुरतं, एक बोका दुसऱ्यावर गुरगुरतो, चिडका माणूसही अंगावर गुरगुरतो. गुरगुर नेहमी कुणावर तरी असते. घुरघुर कुणावर नसते, ती आपली आतल्या आत चालते. फरक फक्त अल्पप्राण-महाप्राणाचा. तळहात ओठांसमोर धरून आधी ‘ग’ आणि मग ‘घ’ म्हणून पाहा. ‘घ’ म्हणताना हाताला ऊन वाफ लागते. मुलांकडूनही हे करून घ्या, त्यांना फार आवडतं.

शिवाय मांजर श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा हा आवाज काढतं, म्हणून तो मध्ये तुटत नाही. घुर आत, घुर बाहेर, असा हा जोडशब्द त्या श्वासावर अगदी नेमका बसतो. वाघाला अशी अखंड घुरघुर जमत नाही. मावशीला येतं ते भाच्याला येत नाही, एवढ्यावरच एक कडवं होईल. मात्र उकार विसरून ‘घरघर’ लिहू नका. घरघर लागते ती अखेरच्या श्वासांना.

मी चार ओळी जुळवून पाहिल्या:

उन्हात मनी पसरली,
नखंबिखं विसरली,
घुरघुर घुरघुर गळ्यात,
झोप अर्धी डोळ्यांत.

आता तिसऱ्या ओळीत ‘गुरगुर गुरगुर’ घालून मोठ्याने वाचा. नखं विसरलेली मनी गुरगुरेल कशाला? कडवं तिथेच मोडतं.

स्वभावाबद्दल विचाराल, तर लबाड आणि आळशी ही आपण मांजराला चिकटवलेली विशेषणं आहेत. मराठीने मांजराचा स्वभाव क्रियापदांत जपला आहे, तिथे हात घाला. माझं सर्वांत आवडतं म्हणजे ‘पायांत घोटाळणं’. नुसतं ‘पायाला अंग घासतं’ म्हटलं की कृती कळते, पण ते पुन्हा पुन्हा वळून येणं, वाट अडवणं, मागणं आणि लाड हे सगळं ‘घोटाळतं’ या एका शब्दात येतं. मांजराच्या गालांत गंधाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास तुमच्यावर सोडतं आणि तुम्हाला आपल्यातलं करून टाकतं. तेव्हा घोटाळण्यात थोडा हक्कही आहे. मुलाला हे सांगितलंत तर ‘लबाड’ हा शब्द त्याला स्वतःलाच अपुरा वाटेल.

असे आणखी कितीतरी शब्द आहेत. झोपताना मांजर अंगाचं मुटकुळं करतं, उठल्यावर आळोखेपिळोखे देतं, खुट्ट झालं की कान टवकारतं, दबा धरतं, घाबरलं की शेपटी फुलवून फिसकारतं. खेळताखेळता बोचकारतं, चिडलं तर ओरबाडतं. या दोहोंची अदलाबदल करू नका, कारण बोचकाऱ्यानंतर मैत्री टिकते.

आणि सवयच हवी असेल तर ती ‘मांजर’ या नावातच आहे. हा शब्द संस्कृत ‘मार्जार’वरून आला. त्यातला धातू मृज्, म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. चुकीचं परिमार्जन करतो आपण, त्यातलं मार्जन हेच. दिवसातून कितीतरी वेळा पंजा चाटून तोंड पुसणाऱ्या प्राण्याला कुणीतरी नीट पाहिलं आणि ‘पुसणारा’ असं नाव दिलं. मला हे नाव कुठल्याही बालकवितेइतकंच गोड वाटतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगते, कारण कविता बहुतेकदा इथेच अडखळते. ‘मांजर’ नपुंसकलिंगी: ते मांजर, मांजराने. मादी म्हटली की ती मांजरी, मांजरीने. भाटी हा तिच्यासाठीचा जुना शब्द आता फारसा ऐकू येत नाही. मनी ती, बोका तो. पहिल्या कडव्यात ‘ते’ आणि तिसऱ्यात ‘ती’ झालं, तर ऐकणारं मूल लगेच विचारतं, दुसरं मांजर कुठून आलं? एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच धरा. वरच्या ओळी तिन्ही लिंगांत चालतात: ‘उन्हात बोका पसरला, नखंबिखं विसरला’ किंवा ‘मांजर उन्हात पसरलं, नखंबिखं विसरलं’. घुरघुर तिघांचीही तीच.