आई पांढरी, बाप काळा, मग पिल्लं मातकट कशी?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): ताई नमस्कार, माझ्याकडे न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशाची लाल डोळ्यांची मादी आहे, नर पूर्ण काळा, तो मित्राकडून आणलाय. पहिल्याच वेतात ७ पिल्लं झाली, ३ काळी आणि ४ चक्क रानसशासारखी मातकट, पांढरं एकही नाही. माझी आई म्हणते मादी दुसरीकडेच कुठेतरी लागली असणार. मला सशांच्या शोसाठी काळी लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काळीच पिल्लं देणारं घराणं करायचंय, तर ही मातकट देऊन टाकू का?

उत्तर: अरे, मादीवर उगाच आळ नको. लाल डोळ्यांचा पांढरा म्हणजे भिंतीला चुना फासल्यासारखं असतं बघ, खाली कुठला रंग आहे ते वरून दिसतच नाही. तुझ्या मादीत चुन्याखाली रानरंग, म्हणजे रानसशाचा मातकट रंग होता. तो काळ्यावर वरचढ असतो, म्हणजे काळ्या नरात लपून राहूच शकत नाही, आईकडूनच आलाय. तिच्यात एक जीन रानरंगाचा आणि एक काळ्याचा, म्हणून निम्मी निम्मी, ४ आणि ३ हा हिशोब अगदी बरोबर आहे. खात्री करायची तर मातकट पिल्लू जरा मोठं झालं की पाठीवरच्या केसांत हळूच फुंकर मार, मुळाशी निळसर राखाडी, मग पिवळट, टोकाला काळं अशी गोल गोल वलयं दिसतील. काळ्यात ती नसतात.

आता काळ्या लाइनचं. सातही पिल्लांनी आईकडून पांढऱ्याचा जीन घेतलाय, फक्त दाखवत नाहीत. भाऊबहीण लावलेस तर चारातलं एखादं पांढरं निघेल, मग परत मला पत्र लिहिशील!

पण मातकट देऊन टाकायची घाई करू नकोस, हे मी सगळ्यांनाच सांगते आणि कोणी ऐकत नाही. टेबलावर मॅट घालून सातही जणांना एकेक करून बसव, पुढचे पाय डोळ्यांच्या खाली, मागचे कंबरेखाली, आणि मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरव. पाठ चढत चढत कंबरेवर सगळ्यात उंच व्हायला हवी आणि पुठ्ठा (मागचा भाग) गोल भरलेला, हाताला हाडं टोचली तर ते पिल्लू कितीही काळंभोर असू दे, बाजूला. दातही बघ, वरचे खालच्यांच्या पुढे हवेत. समजा सगळ्यात छान पुठ्ठा एका मातकट मादीचाच निघाला, तर तीच ठेव, कारण चांगल्या काळ्या नराकडे लावलीस की साधारण निम्मी पिल्लं काळी येतील. रंग एका वेतात परत मिळतो, खचलेली पाठ सुधारायला कितीतरी पिढ्या जातात. मी स्वतः रंगाच्या नादात दोन वर्षं घालवलीत.

आणि हो, मे महिन्यात नर लावून पिल्लांची वाट बघत बसू नकोस, इतक्या उन्हात नर काही आठवडे नापीक होतो. माळव्याच्या रात्री गार असतात हे खरं, पण पत्र्याच्या शेडखाली दुपारी काय होतं ते एकदा थर्मामीटर टांगून बघ.

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): माझ्या कॅलिफोर्नियन जातीच्या सशाचे कान आणि नाक जानेवारीत काळेकुट्ट होते, आता जूनमध्ये तपकिरी पडलेत. खाण्यात काही कमी पडतंय का?

उत्तर: खाण्याचं नाही हो, उन्हाळ्याचं आहे. या जातीत काळा रंग बनवणारं एन्झाइम गार जागीच काम करतं, म्हणून तर कान, नाक, पाय, शेपूट काळी आणि अंग पांढरं. पाठीवरचे केस काढून तिथे बर्फाची पिशवी बांधून ठेवली तर नवे केस काळे उगवतात, हा प्रयोग फार जुना आहे (तुम्ही करू नका, सशाला त्रास!). पिंजरा सावलीत, वारा लागेल असा हलवा आणि शोला थंडीतच न्या, तोवर नवे केस येऊन कान परत काळे झालेले असतील.