नऊ वर्षांची मुलगी घेऊन परदेशी निघताय, तर आधी तिची यत्ता पाहा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. म्युनिक, हेलसिंकी आणि सिंगापूर अशा तीन ऑफर हातात आहेत, तर मुलांच्या शाळेसाठी कुठलं बरं? पहिलं वर्ष मुलांना घरीच शिकवलं तर चालेल का? आणि वर्षाच्या मधेच दोन महिने भारतात राहून आलं तर? मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ चा. मीही ११ वर्षांपूर्वी ९ वर्षांच्या लेकीला घेऊन बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्याच राज्यात, आले, त्यामुळे तुमचं पत्र वाचून राहवलं नाही.

पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या यादीवरून तुम्ही सिंगापूरकडे झुकलाय. आकडे खरे आहेत: २०२२ साली गणितात सिंगापूर ५७५, फिनलंड ४८४, जर्मनी ४७५. पण ही परीक्षा १५ वर्षांच्या मुलांची. पहिलीपासून तिथेच शिकलेलं मूल आणि चौथीत येऊन पडलेलं मूल यांच्यातला फरक त्या एका आकड्यात दिसत नाही. फिनलंडचेच गुण २००६ मध्ये ५४८ होते. यादी अशी वरखाली होत राहते. मी तुमच्या जागी असते तर एकच गोष्ट आधी पाहिली असती: तो देश मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी कितव्या वर्षी करतो, आणि तेव्हा माझं मूल तिथे येऊन किती दिवस झाले असतील.

बव्हेरियात ही वाटणी चौथीनंतर होते. (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर, म्हणजे एकाच देशातही सगळीकडे सारखं नाही.) मे महिन्यात चौथीच्या मुलांना एक दाखला मिळतो. त्यावर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते. २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूले (मधली), नाहीतर मिटेलशूले (सगळ्यात खालची). इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापासाच्याही खाली. पहिल्या चाचणीत गणिताच्या पेपरावर लाल १ पाहून माझ्या लेकीने तो पेपर दप्तराच्या तळाशी दडवला होता, बिचारीला वाटलं एकच गुण मिळाला.

मे महिन्यात तिच्या दाखल्यावर गणित १, परिसर अभ्यास ४, जर्मन ५ होतं. सरासरी ३.३३. जर्मनशी ओळख होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. शिक्षिकेने कागद माझ्यासमोर सरकवला आणि मी सही केली. जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नसतात आणि ज्यांची घरची भाषा वेगळी असते, त्यांना केवळ भाषेमुळे गुण कमी पडले असतील तर ३.३३ पर्यंतही वरच्या शाळांसाठी पात्र ठरवता येतं, हा नियम मला दोन वर्षांनी कळला. शाळेने सांगितला नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. अजून ते मनात सलतं. लेक मिटेलशूलेतून दहावी झाली, मग फाखओबरशूले (दहावीनंतर उच्च शिक्षणाची वाट उघडणारी शाळा) केली आणि आज इंजिनिअरिंग शिकतेय. म्हणजे वाट बंद होत नाही, पण फार लांबची पडते, आणि ‘मी हुशार नाही’ हे तिने मनातून काढायला कितीतरी वर्षं घेतली.

आता घरी शिकवण्याचं. भारतात २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे, पण मूल शाळेत नाही म्हणून पालकांना दंड करायची तरतूद त्यात नाही. त्याच सवयीने आपण परदेशात विचार करतो. जर्मनीत सक्ती शिकण्याची नाही, शाळेत हजर राहण्याची आहे. घरी शिकवायचंच म्हणणारी कुटुंबं युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ मध्येही हरली, २०१९ मध्येही. दोन महिने मधेच भारतात, हेही विसरा. सुट्टी लागायच्या आधी बव्हेरियातल्या विमानतळांवर शाळकरी मुलांसोबतच्या पालकांना पोलीस शाळेची परवानगी विचारतात. फिनलंडमध्ये सक्ती शिकण्याची आहे, त्यामुळे घरी शिकवता येतं, मात्र मूल काय शिकतंय यावर नगरपालिका लक्ष ठेवते. तरीही मी म्हणेन, शाळेत घाला. नव्या देशात पहिलं वर्ष घरात काढलेलं मूल भाषा कुणाकडून शिकणार?

सिंगापूरबद्दल थोडक्यात. तिथला सक्तीचा कायदा फक्त नागरिकांच्या मुलांसाठी आहे. परदेशी मुलांना सरकारी शाळेत शिरायला साधारणपणे एईआयएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि पास होऊनही जागा असेल तरच प्रवेश. कंपनी आंतरराष्ट्रीय शाळेची फी देणार असेल तर विचार करा, तेही लेखी घेऊन.

माझं मत हेलसिंकी. तिथे सातव्या वर्षी सुरू होऊन नववीपर्यंत सगळी मुलं एकाच प्रकारच्या शाळेत शिकतात. वाटणी १६ च्या आसपास होते, आणि २०२१ पासून सक्ती १८ वर्षांपर्यंत नेलीय, म्हणून नववीनंतर मूल वाऱ्यावर सुटत नाही. नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेचा तयारी वर्ग असतो, साधारण वर्षभराचा. तुमच्या मुलीला फिनिश शिकायला सहा-सात वर्षं मिळतील. माझ्या मुलीला जर्मनसाठी आठ महिने मिळाले. मुलगा तर पहिलीच्या आधीच्या वर्गापासून सगळ्यांबरोबर सुरुवात करेल.

म्युनिकच घ्यावं लागलं तर मुलीला एक यत्ता खाली, तिसरीत बसवता येईल का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा. वर्ष वाया जाईल म्हणून कचरू नका. डॉइचक्लासे म्हणजे भाषेचा वेगळा वर्ग जवळच्या कुठल्या शाळेत आहे तेही पाहा. आणि ३.३३ चा नियम वहीत लिहून ठेवा. चौथीच्या पहिल्याच पालकभेटीत तुम्हीच तो विषय काढा.