तुम्ही विचारा : एवढ्या जंगलात लेणी कशाला कोरली?

प्रश्न : ताई नमस्कार, मे महिन्यात फॅमिलीला घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कला गेलो होतो, वर कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना पोचलो तर आमची नववीतली पोरगी म्हणते, बाबा एवढ्या जंगलात बिबट्यांमधे हे भिक्षू राहायचे तर खायचे काय? मला काय उत्तर येईना. आणि येताना झाडीत घरं दिसली, सोबतचे म्हणाले हे सगळं अतिक्रमण आहे. खरं का? (एक बाबा, डोंबिवली)

उत्तर : पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या आधी, कारण लेणी बघून बहुतेक लोक किती जुनी एवढंच विचारतात, जेवायचे काय हे कोण विचारत नाही!

आपल्याला ते आज जंगल दिसतं हो, पण तेव्हाचा नकाशा डोळ्यासमोर आणा, एकीकडे सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, दुसरीकडे तुमच्या शेजारचं कल्याण, दोन्ही चांगली चालणारी बंदरं, आणि मधे हा डोंगर. म्हणजे भिक्षूंना शांतता पण मिळाली आणि दान देणारे व्यापारी पण हाताशी. तिथल्या शिलालेखांत दात्यांची नावं आहेत, कोणी कल्याणचा सोनार, कोणी सोपाऱ्याचा मणिकार म्हणजे रत्नांचं काम करणारा, बायका आहेत, भिक्षुणी आहेत. नुसती गुहा कोरून देऊन मोकळे नाही झाले, अक्षयनीवी म्हणून ठेव ठेवायचे, आजच्या एफडीसारखं, मुद्दल तसंच आणि व्याजातून भिक्षूंची चिवरं म्हणजे वस्त्रं. एका लेखात तर मंगलठाणचं शेत दान दिलंय, ते मंगलठाण म्हणजे आजचं मागाठाणे, जिथे आता शेत सोडा, पार्किंग मिळत नाही.

इसवी सनाच्या आधीपासून पुढे हजारेक वर्षं हे चाललं, शंभराच्या वर लेणी आहेत. आणि पाणी! मला विचाराल तर मूर्तींपेक्षा तेच बघा. खडकात वरून पन्हाळी खोदल्यात, त्यातून पावसाचं पाणी लेण्याजवळच्या टाक्यात येतं, लेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय. तुम्ही मे मधे गेलात तिथेच चुकलात, पावसात जा म्हणजे पाणी कसं फिरवलंय ते दिसेल.

९० नंबरच्या लेण्यात पारशी पाहुण्यांनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आपली नावं कोरून ठेवलीत, सन १००९ आणि १०२१ ची. म्हणजे भिंतीवर नाव लिहायची खोड हजार वर्षं जुनी, फक्त त्यांना आता पुरातत्त्ववाले जपतात आणि आत्ताच्यांना दंड लावतात 😄 पुढे पोर्तुगीज आले, तीन नंबरच्या मोठ्या चैत्यात, म्हणजे भिक्षूंच्या प्रार्थनेच्या लेण्यात, त्यांनी चर्च केलं होतं.

आता अतिक्रमणाचं. नंतर आलेल्या झोपड्या होत्याच, १९९७ ला हायकोर्टाचा आदेश आल्यावर त्यातल्या खूप हटवल्या. पण नवापाडा, रावणपाडा, चुनापाडा हे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, त्यांना त्याच मापाने मोजू नका हो. पार्क त्यांच्या भोवती झालंय, ते पार्कात घुसले नाहीत. पार्कातला विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, मुंबईच्या नळाला पाणी पाहिजे म्हणून बांधलेले, आणि नॅशनल पार्क हा प्रकार तर त्याच्याही कितीतरी नंतरचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आपल्या जागेवर हक्क सांगता येतो, नॅशनल पार्कातही. कागद कधी हातात पडतो ही वेगळी रड.

आणि बिबट्याचं म्हणाल तर पाड्यांवर वाघोबा या देवाचं ठाणं असतं, दगडावर किंवा लाकडावर वाघ आणि वर चंद्रसूर्य, वाघबारशीला त्याची पूजा. पोरीला ते दाखवा, पण पाड्यावरच्या कोणाला तरी विचारून जा, उगाच मोबाईल काढून कोणाच्या अंगणात शिरू नका. सोमवारी पार्क बंद असतं.