जॅक्सनचा वध, हत्या की खून?

प्रश्न असा आलाय की २१ डिसेंबर १९०९ ला आपल्या नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्याला वध म्हणायचं, हत्या की खून, आणि तिन्हींत फरक काय.

आधी एक, तो शब्द खून आहे, खूण नाही. 'खूण झाला' वाचून वाचून डोकं उठतं. खून फारसीतला, मूळ अर्थ रक्त, बस.

खरा घोळ वधाचा आहे. हल्ली जो तो ठासून सांगतो की दुष्टाला मारलं तर वध आणि सज्जनाला मारलं तर हत्या, कंसवध कीचकवध म्हणतो ना आपण, झालं, संपला पुरावा. अहो मग अभिमन्युवध? महाभारतात द्रोणपर्वात त्या नावाचं उपपर्वच आहे, ते पोरगं काय राक्षस होतं? आणि वाल्मीकींनी क्रौंच मारणाऱ्या निषादाला शाप दिला त्या श्लोकातलं क्रियापद बघा, 'अवधीः', तू वध केलास. तिथे ते दूषण आहे, शाबासकी नाही!

आणि ह्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे, संस्कृतात हन् म्हणजे मारणे, ह्या धातूचं वर्तमानकाळी 'हन्ति' होतं, पण लुङ् नावाच्या भूतकाळात हन् जाऊन त्याच्या जागी वध येतो, 'अवधीत्', पाणिनीने तसं सूत्रच केलंय. आपण नाही का 'जातो' म्हणतो पण 'गेला' म्हणतो, तसंच. हत्या त्याच हन् ची, घात त्याचाच, आपलं विघ्नसुद्धा वि अधिक हन्. म्हणजे वध आणि हत्या व्याकरणात एकाच घरचे, ह्यांनी एकाला देवघरात बसवलं आणि दुसऱ्याला कोठडीत.

ह्यावर काही संस्कृतवाले मनुस्मृतीतला 'वधदंड' काढतात. पण तिथे शिक्षा हा अर्थ दंड शब्दाने आणलाय हे ते सोयीने गाळतात. कायद्याच्या मराठीत तर 'सदोष मनुष्यवध' आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०४, आता भारतीय न्याय संहितेत १०५. वध मुळातच न्याय्य असता तर त्याच्या आधी सदोष लागलं असतं का?

हा कीस उगाच काढत नाहीये. 'गांधीवध' म्हटलं की ३० जानेवारी १९४८ ला प्रार्थनेला चाललेला ७८ वर्षांचा निःशस्त्र माणूस आपोआप कंसाच्या रांगेत जाऊन बसतो, आणि ऐकणारा पुढे काही विचारतच नाही. तसंच 'दंगल उसळली, जाळपोळ झाली' ह्या बातम्यांचं. समुद्र उसळतो हो, दुकान कोणीतरी पेटवलेलं असतं, तो कर्ता कुठे गेला वाक्यातून?

तर जॅक्सन. बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली त्याचा कान्हेऱ्यांना राग होता, खटला खुनाचा चालला, १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे फासावर गेले. गोल्फ क्लबच्या मैदानाला आपण 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' म्हणतो, आणि तो शब्द अगदी चोख आहे, हुत म्हणजे आहुती दिलेला, त्याने स्वतःचं काय दिलं तेवढंच तो सांगतो, समोरच्याला राक्षस करत नाही. आदर दाखवायला तो शब्द असताना वधाची गरजच काय? मी 'जॅक्सनचा खून' लिहितो आणि 'हुतात्मा कान्हेरे' पण लिहितो, दोन्ही एकाच वाक्यात खुशाल बसतात.