सांस्कृतिक आणि सर्जनशील उद्योगांमुळे शाश्वत बदल खरंच घडतो का?

घडतो, पण कारागिराला दाम मिळाला तरच. कोल्हापुरी चपलेचंच बघा. अस्सल कोल्हापुरीचं कातडं क्रोमियमचे क्षार न वापरता हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात. तळ आणि टाच चामड्याच्या वादीने शिवतात, त्यामुळे झिजली तरी दुरुस्त करून पुन्हा वापरता येते. मात्र असं कातडं कमवायला कित्येक दिवस जातात, आणि शेजारच्याच दुकानात रेक्झिनची नक्कल निम्म्या भावात मिळते.

२०१९ मध्ये या चपलेसाठी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून जीआय मानांकन (म्हणजे मूळ ठिकाणाशी जोडलेल्या नावाला कायद्याचं संरक्षण) मिळालं. तरीही २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, त्याही कोल्हापूरचं नाव न घेता! टीका झाल्यावर श्रेय दिलं. माझ्या मते नुसतं श्रेय पुरेसं नाही, कातडं कमावणाऱ्याची मजुरी वाढायला हवी.