रोमन कोरीव खडे: आधी ठसा बघा, मग खडा

लंडनच्या म्युझियममधले रोमन खडे म्हणजे नखाएवढे लाल तुकडे वाटले, कोरलेलं धड दिसलंही नाही, मग ते एवढे का जपतात, असं तुम्ही विचारलंत.

दिसलं नाही यात तुमची चूक नाही. यातले बहुतेक खडे नुसते बघायला नव्हतेच, उमटवायला होते. अंगठी मऊ मेणात दाबली की उलटं, खोलगट कोरलेलं चित्र सुलट आणि उठावदार होऊन येतं. शेजारी प्लास्टरचा ठसा मांडलेला असेल तर आधी तो बघा. नसेल तर जरा वाका आणि दिवा खड्याच्या मागे येईल असे उभे राहा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा तपकिरी ठिपक्यात मधासारखा उजेड भरला आणि त्यात घोड्याचा लगामसुद्धा स्पष्ट दिसला.

ही मुद्रा म्हणजे माणसाची सही. सम्राट ऑगस्टसने आधी स्फिंक्स वापरला, मग अलेक्झांडरचा चेहरा, शेवटी डायोस्कुरिडीस नावाच्या कारागिराने कोरलेला ऑगस्टसचा स्वतःचा चेहरा. खडा इतका कठीण की नुसत्या लोखंडाने कोरला जात नाही. फिरत्या सळईच्या टोकाला तेल आणि कुरुंदाची पूड लावून तो कणाकणाने झिजवत.

आणि दगड कुठला? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की पैठणहून ऑनिक्सचे (पट्टेदार खड्याचे) दगड गाड्यांतून भडोच बंदराला जात. तिथून पुढे जहाजं. तुमच्यासमोरचा खडा आपल्याकडचाच असेल असं नाही, पण मला ते वाक्य विसरता येत नाही.

जपण्याचं म्हणाल, तर खड्याची ओळख नोंदीत असते. मुठीत मावणारी वस्तू, शतकानुशतकं हातोहात फिरलेली. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २००० वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या निघाल्या. त्यांत असे खडे बरेच होते आणि पुष्कळांची नीट नोंदच नव्हती. नोंद नसलेली वस्तू आपली म्हणून सिद्ध तरी कशी करणार? मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून पाटीवर सापडल्याचं ठिकाण दिलेलं असेल, तर त्या खड्यापाशी जास्त वेळ थांबा. इंग्लंडमध्ये बाथ इथे रोमन स्नानगृहाच्या गटारात तीसहून जास्त खडे मिळाले. वाफेने चिकटवण सुटून ते अंगठ्यांतून गळाले असावेत, असं एक मत आहे. ते तिथल्याच संग्रहालयात आहेत.