ऑपेराच्या नेपथ्यावर चित्रकलेचा प्रभाव नेमका कसा पडतो? विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीच्या पडद्यांसारखाच का?

हा प्रभाव मागच्या पडद्यावरील देखाव्यापुरता नसतो; रेषा, रंगसंगती आणि खोलीचा आभासही नेपथ्यकार चित्रांतून घेतो. सर्वांत स्पष्ट उदाहरण संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या ‘द रेक्स प्रोग्रेस’चे आहे. हा ऑपेरा मुळी इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थच्या अठराव्या शतकातील चित्रमालिकेवरूनच सुचला, आणि १९७५ मध्ये इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवात त्याचे नेपथ्य करताना चित्रकार डेव्हिड हॉकनीने त्या मालिकेच्या छापील प्रतींतील एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा भिंतींवर, सामानावर, इतकेच नव्हे तर पोशाखांवरही उतरवल्या, त्यामुळे अख्खा रंगमंच शाईने रेखाटल्यासारखा भासतो. झाडीपट्टीतील वडशाकडच्या मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, रात्रभर नाटक पाहिलेल्यांना राजवाड्याचा रंगवलेला पडदा, आणि त्यातील खांबाच्या मधोमध दिसणारी घडीसुद्धा, परिचयाची असते. नाते जवळचे आहे, मात्र तो पडदा कितीतरी नाटकांना चालतो, तर हॉकनीच्या रेषा त्या एका ऑपेराबाहेर निरर्थक ठरतात. अर्थात प्रत्येक ऑपेरा चित्रकलेवर विसंबतो असे नाही. जर्मनीतील बायरॉइट येथील ऑपेरा महोत्सवात १९५१ पासून दिग्दर्शक वीलांट वाग्नरने रंगवलेले देखावे बहुतांशी काढून टाकले आणि मुख्य भार प्रकाशयोजनेवर टाकला.